सॉफ्टवेअर चालले, पण संशोधन झाले का?

एखादी प्रणाली तयार झाली, चालली, लोकांनी वापरली. एवढ्यावर पीएचडी द्यावी का? माहिती प्रणालींच्या अभ्यासक्षेत्रात हा वाद जुना आहे. कर्मचारी नवी प्रणाली का स्वीकारतात, का टाळतात, हे तपासण्यात तिथले पुष्कळसे संशोधन गुंतलेले असे आणि प्रणाली घडवणे हे अभियंत्यांचे काम समजले जाई. माणसाने घडवलेल्या गोष्टींचेही शास्त्र असू शकते, हे हर्बर्ट सायमन यांनी 1969 साली ‘द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल’ या पुस्तकात मांडले होते. पुढे 2004 मध्ये ॲलन हेव्हनर, साल्व्हातोर मार्च, जिन्सू पार्क आणि सुधा राम यांनी ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या संशोधनपत्रिकेत सात सूत्रे मांडली आणि ‘डिझाइन सायन्स’ या नावाने घडवण्याच्या कामाला संशोधनात हक्काची जागा मिळाली. या सातांत मला मूल्यमापनाचे सूत्र सर्वांत मोलाचे वाटते. घडवलेली वस्तू जिथे हरू शकते अशा कसोटीला ती उतरवली, तरच त्या कामाला संशोधन म्हणता येईल.

ॲरिझोना विद्यापीठात जे. नूनामेकर यांच्या गटाने 1980च्या दशकात बैठकांसाठी घडवलेली प्रणाली या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तोंडी चर्चेत एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते. तेवढ्यात सुचलेले विसरते, आणि साहेबांसमोर वेडगळ कल्पना मांडायला जीभ रेटत नाही. यावर तोडगा असा, की प्रत्येकासमोर संगणक, सगळ्यांनी एकाच वेळी टाइप करायचे आणि कल्पनेखाली नाव नाही. इथवर ही नुसती हुशार बांधणी झाली. पण 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांत हीच पद्धत तोंडी चर्चेसमोर उभी केली गेली. मोठ्या गटांना संगणकावर जास्त आणि अधिक चांगल्या कल्पना सुचल्या. लहान गटांत मात्र फारसा फरक दिसला नाही. हा दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तोडगा कुठे लागू पडतो आणि कुठे त्यावर पैसे घालवू नयेत, हे तोच सांगतो.

घडवणाऱ्यानेच परीक्षा घेतली तर ती निःपक्ष कशी, हा आक्षेप रास्त आहे. वरच्या प्रयोगांच्या लेखकांत खुद्द नूनामेकरही होते. म्हणूनच तुलना कशाशी करायची आणि मोजायचे काय, हे निकालाआधी ठरलेले असावे लागते आणि गैरसोयीचा निकालही छापावा लागतो. ‘वापरणाऱ्यांना आवडले’ एवढी प्रश्नावली जोडून भागत नाही, आणि प्रबंधाच्या शेवटी स्क्रीनशॉट लावून तर मुळीच नाही. प्रणाली घडवणे हा सल्लागार कंपनीचाच धंदा आहे, असे दुसरे म्हणणे. सल्लागाराचे काम ग्राहकाची अडचण सुटली की संपते. संशोधकाला मात्र ती कशामुळे सुटली हे असे सांगावे लागते, की दुसऱ्या कोणी वेगळ्या ठिकाणी ते वापरावे आणि चुकीचे असल्यास खोडून काढावे. तंत्रज्ञान चार वर्षांत जुने होते, मग या खटाटोपाचा उपयोग काय, असेही विचारले जाते. ॲरिझोनातली ती यंत्रे केव्हाच कालबाह्य झाली. पण बोलण्याची पाळी काढून टाकली की मोठ्या गटाला फायदा होतो, हे ज्ञान आज ऑनलाइन बैठकीचे साधन घडवणाऱ्यालाही वापरता येते आणि नव्या परिस्थितीत पुन्हा तपासताही येते.