जुना फॉक्सप्रो, नवा सर्व्हर आणि पंधरवड्याचं बिल

ऊस कारखान्यावर पोचल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला एफआरपीचे (रास्त व किफायतशीर दराचे) पैसे द्यावेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्यामुळे गळीत हंगामात शेती विभागाचं आणि अकाउंटचं घड्याळ पंधरवड्यावर चालतं. ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) भागात, साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्यापासून वारणाकाठापर्यंत, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काट्यावरचं वजन, लागण की खोडवा, तोडणी-वाहतूक, सोसायटीची कपात, सगळं त्या एका बिलात उतरतं. राज्यातल्या कितीतरी सहकारी संस्थांनी हे हिशेब नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चढवले. प्रोग्राम लिहिणारे निवृत्त झाले, प्रोग्राम मात्र रोज कामावर हजर.

मग जुना सर्व्हर धापा टाकू लागतो. संचालक मंडळ मंजुरी देतं, 64 जीबी रॅमची पेटी येते आणि पहिल्याच बिलाला पडद्यावर संदेश झळकतो: मेमरी अपुरी. ‘मग एवढे पैसे कशाला घातले?’ हा प्रश्न सभेत ठरलेलाच.

इथे रॅमला बोल लावण्यात अर्थ नाही. 32 बिटच्या प्रोग्रामला 4 जीबीच्या पुढचा पत्ताच लिहिता येत नाही. त्यातला अर्धा भाग विंडोज स्वतःकडे राखतं, म्हणजे प्रोग्रामच्या हाती 2 जीबी. प्रोग्राम तयार करताना तशी खूण केलेली असेल, तर 64 बिटच्या विंडोजवर पूर्ण 4 मिळतात, त्यापुढे काही नाही. कणगी केवढीही असो, पायलीत पायलीएवढंच मावतं. डॉसमधल्या प्रोग्रामची गत याहून वाईट. 64 बिटचं विंडोज तो चालवतच नाही आणि 2009 च्या सर्व्हर 2008 आर2 पासून विंडोज सर्व्हर फक्त 64 बिटमध्येच येतो. तिथे डॉसबॉक्स किंवा आतल्या आत उभा केलेला जुना आभासी संगणक, एवढाच इलाज.

म्हणून रॅम वाया गेली असं मात्र नाही. मर्यादा प्रोग्रामच्या एका प्रतीला आहे, अख्ख्या सर्व्हरला नाही. रिमोट डेस्कटॉपवरून वीस जण आत आले तर वीस प्रती उघडतात आणि प्रत्येकीला आपापले 2 जीबी मिळतात. पूर्वी 32 बिटच्या सर्व्हरवर खुद्द विंडोजच्या गाभ्यालाही 2 जीबीच जागा असे आणि सगळ्या सेशनांचा भार तिच्यावरच पडे. रॅम शिल्लक असताना नवा माणूस आत येऊ शकत नसे, तो यामुळे. ती अडचण आता गेली. मोठ्या मेमरीने एकाचं काम फारसं वाढत नाही, बसणारी माणसं वाढतात.

किती जण बसतील, हे विक्रेत्याला विचारू नये. ऐन बिलाच्या वेळी टास्क मॅनेजर उघडून एकाचा आकडा पाहावा. समजा 300 एमबी निघाले, तर वीस जणांचे 6 जीबी, वर विंडोजचा आणि अँटिव्हायरसचा वाटा. व्हिज्युअल फॉक्सप्रो इथे एक खोडी करतो. सुरू होताना तो यंत्रातली एकूण रॅम पाहून बफरसाठी किती जागा घ्यायची ते ठरवतो. शेजारी आणखी एकोणीस प्रती बसल्यात, हे त्याच्या गावी नसतं. सुरुवातीच्या कोडमध्ये सिस(3050) ची ओळ घालून त्याला लगाम लावता येतो. मायक्रोसॉफ्टचा त्याला असलेला आधार 2015 मध्ये संपला, तरी ही ओळ आजही काम करते. रिमोट डेस्कटॉपची लायसन्सं मात्र वेगळी घ्यावी लागतात. त्यांच्याशिवाय देखभालीपुरते दोघेच आत येऊ शकतात. खरेदीच्या कोटेशनमध्ये नेमकी हीच ओळ राहून जाते.

सर्व्हरवर बसणारी माणसं कमी करूनही भार हलका होतो. वारणेच्या भागातल्या 70 गावांसाठी 1998 साली गावोगावी पीसी पोचवणारा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पुढे तिथल्या काही गावांत पीसीऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर उसाची माहिती देऊन पाहिली गेली. वजन विचारायला अख्खं सेशन कशाला हवं?

आणखी एक 2 जीबी आहे, आणि त्याचा रॅमशी काहीएक संबंध नाही. फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल तेवढ्यावर थांबते. त्यात खोडलेल्या नोंदी जात नाहीत, नुसती खूण होते. जागा सुटते ती पॅक केल्यावर. हंगामवार फाइल वेगळी ठेवली तर हा प्रश्न लांबतो. पण पॅकसाठी ती फाइल दुसऱ्या कुणाकडेही उघडी असून चालत नाही. म्हणून बिलाच्या आदल्या संध्याकाळी ऑपरेटर एकेका गट ऑफिसला फोन लावत बसतो: ‘दादा, तेवढं बाहेर पडा, पॅक मारायचंय.’