खाजेचे दोन रस्ते

पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या पारशिवनी तालुक्यात खाजकुइलीची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात झुडपांवर चढणारा वेल, जांभळ्या फुलांचे घोस आणि हिवाळ्यात पिकणाऱ्या तपकिरी लवेच्या शेंगा. सरपण आणताना शेंगेला हात घासला की बारीक कुसं कातडीत रुततात आणि माणूस जागच्या जागी नाचू लागतो. वर्गातल्या बाकावर ही लव टाकायचा वात्रटपणा मागच्या पिढीनं पुष्कळ केला. याच शेंगेनं खाजेच्या विज्ञानाला मात्र मोठा हात दिला. घरगुती उपाय कुठे चालेल नि कुठे नाही, हेही तिच्यावरून कळतं.

डास चावला किंवा अंगावर पित्त उठलं की कातडीतल्या पेशी हिस्टामिन सोडतात. अतिशय बारीक मज्जातंतू तो निरोप मेंदूकडे नेतात. हा झाला पहिला रस्ता. सेटिरिझिनसारख्या गोळ्या तोच अडवतात. खाजकुइलीची खाज मात्र या गोळीला फारशी जुमानत नाही. 1955 मध्ये शेली आणि आर्थर या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की तिच्या कुसात प्रथिनं तोडणारं विकर असतं. म्युक्युनेन हे त्याचं नाव. 2008 मध्ये हे विकर मज्जातंतूंवरच्या कोणत्या कुलपात बसतं तेही सापडलं, आणि ते कुलूप हिस्टामिनचं नव्हतं. म्हणजे दुसरा रस्ता आहेच. कोरड्या कातडीची आणि इसबाची जुनी खाज बरीचशी या दुसऱ्या रस्त्यानं येते. म्हणून तिथे गोळीनं झोप येते, पण खाज राहते.

खाजकुइली लागलीच तर चोळू नका, खाजवू नका. चोळल्यानं कुसं मोडून आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढा किंवा घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचला, मग धुवा. कुणी शेण चोपडतं. ते वाळून निघताना कुसं ओढत असेलही, पण सोललेल्या कातडीवर शेण म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण.

विदर्भातली सगळ्यात सामान्य खाज मात्र कोरडेपणाची. डिसेंबरमधली नागपूरकडची कोरडी थंडी, त्यात चुलीवर तापवलेलं कढत पाणी आणि अंगभर साबण, मग म्हाताऱ्या माणसांच्या नडग्या खाजणार नाहीत तर काय! कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे पेशींच्या विटा आणि मधे स्निग्ध पदार्थांचा चुना. हा चुना धुऊन गेला की आतलं पाणी उडतं आणि बारीक भेगांतून मज्जातंतू चाळवतात. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू 5 च्या आसपास. बहुतेक साबणाच्या वड्यांचा सामू 9 ते 10. रोज अंगभर साबण कशाला हवा? काखा, जांघा आणि पाय धुतले तरी पुरे.

या चुन्यात लिनोलिक आम्ल लागतं. 1929 मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांच्या आहारातून स्निग्ध पदार्थ काढून टाकले, तर त्यांच्या कातडीवर खवले आले. पुढे लिनोलिक आम्ल दिल्यावर ते सुधारले. आपल्या करडईच्या तेलात हे आम्ल भरपूर, जवळपास तीन-चतुर्थांश. इकडे ओळखीचं असलेलं जवसाचं तेल मात्र अंगाला लावण्यात अर्थ नाही. ते हवेत वाळून चिकट होतं, म्हणूनच ते रंगात वापरतात. मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजतं, भेगाळलेल्या टाचांना ते बरं. खोबरेल तेलाचा अभ्यास झाला आहे. 2004 मध्ये फिलिपिन्समध्ये कोरड्या कातडीवर ते खनिज तेलाइतकंच गुणकारी ठरलं.

कृती साधी आहे. कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ, अंग पंचानं टिपायचं, रगडायचं नाही, आणि ओलसर असतानाच पातळसा तेलाचा हात फिरवायचा. तेल स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं. कोरड्या अंगावर दुपारी चोपडलेल्या तेलाचा उपयोग म्हणून कमी. खाज अनावर झाली तर गार पाण्याची घडी पाच-दहा मिनिटं ठेवा. थंडीची जाणीव खाजेचा निरोप दाबते, हा उपाय दोन्ही रस्त्यांवर चालतो.

आता कडुलिंब. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात 814 खरूजग्रस्तांना कडुलिंबाचा पाला आणि हळद वाटून लावली. 97 टक्के लोक 3 ते 15 दिवसांत बरे झाले, असं त्यात म्हटलं आहे. आकडा सुखावणारा आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यामुळे त्यावर सगळा भरवसा टाकता येत नाही. खरूज अर्ध्या मिलिमीटरहून लहान किड्यानं होते. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येतं, घरातले सगळेच खाजवू लागतात. अशा वेळी पर्मेथ्रिन मलम घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावं लागतं, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा. एकट्यानं लावलं तर किडा शेजारच्या अंथरुणातून परत येतो.

लिंबाचा रस अंगाला चोळू नका. त्यातले काही घटक उन्हात कातडी जाळतात, आणि ऊन आपल्याकडे कमी आहे का? खाण्याचा सोडाही नको, तो कातडीचं आम्ल मारतो. कुठलाही पाला किंवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. हळदीचीही काहींना ॲलर्जी असते.

सर्वांत घातक उपाय मात्र घरात बनत नाही, दुकानातून येतो. गोल कडांच्या गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावली की दोन दिवसांत खाज थांबते, आणि बुरशी मात्र आरामात पसरते. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, म्हणून सरकारनं 2018 मध्ये नियम कडक केले. तेव्हा गोल चट्टा असेल, खाज दोन आठवड्यांहून जास्त टिकली, किंवा पुरळ नसताना अंगभर खाज सुटली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. अंगावर काही न दिसता सुटलेली खाज कधी यकृताची, कधी मूत्रपिंडाची तक्रार असते.