छापलेला शोधनिबंध सापडतो कसा

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींवर शोधनिबंध लिहिला. विहिरींच्या पाण्याचे नमुने, मातीचे नमुने, पाणी साचलेल्या शिवारांचे नकाशे असं सगळं काम नीट केलेलं. निबंध बऱ्यापैकी नियतकालिकात आला. एक प्रत पदोन्नतीच्या फायलीत गेली, दुसरी महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनाच्या. हरियाणात कर्नालला केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्था आहे. तिथे याच प्रश्नावर काम करणाऱ्याला हा निबंध नक्की उपयोगी पडला असता, पण त्याने शोध घेतला तेव्हा तो समोर आलाच नाही. असं होण्याचं कारण बहुतेक वेळा निबंधाच्या दर्जात नसतं. वाचकाच्या आधी निबंध यंत्र वाचतं, आणि त्या वाचनातच तो कुठेतरी अडकलेला असतो.

निबंध प्रसिद्ध झाला की चांगला प्रकाशक त्याला डीओआय नावाचा क्रमांक देतो. तो १० या आकड्याने सुरू होतो आणि शोधनिबंधांच्या बाबतीत बहुधा क्रॉसरेफ या संस्थेकडे नोंदवलेला असतो. मालक बदलला तरी जमिनीचा गट नंबर सहसा तोच राहतो, तसा हा क्रमांक. नियतकालिकाचं संकेतस्थळ बदललं, तरी प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवला की जुना डीओआय तिथेच नेऊन पोचवतो. क्रमांकासोबत शीर्षक, लेखकांची नावं, वर्ष, शक्यतो सारांश आणि संदर्भसूचीही नोंदली जाते. पुढची कित्येक शोधयंत्रं ही नोंदच उचलतात. २०२२ साली सुरू झालेली ओपनॲलेक्स ही खुली सूचीही त्यातलीच. म्हणून निबंध छापून आल्यावर पहिलं काम म्हणजे डीओआय ब्राउझरमध्ये टाकून तो उघडतो का ते पाहणं. काही नियतकालिकं डीओआयसारखा दिसणारा आकडा नुसता छापतात, नोंदणी केलेलीच नसते. तो आकडा कुठेच पोचत नाही.

यानंतरचा अडथळा नावाचा, आणि तो खास आपल्याकडचा आहे. दहावीच्या प्रमाणपत्रापासून आपल्याला आडनाव आधी लिहायची सवय असते: पाटील सुनीता भाऊसाहेब. परदेशी सूचीतलं यंत्र शेवटचा शब्द आडनाव धरतं, आणि निबंध ‘भाऊसाहेब पी. एस.’ या नावावर जमा होतो. बाई विवाहित असतील, तर त्यांचं काम नवऱ्याच्या नावावर चढतं, तेही आडनाव म्हणून. पुढच्या निबंधात त्या ‘सुनीता पाटील’ लिहितात, तिसऱ्यात ‘एस. बी. पाटील’. लग्नाआधीच्या निबंधांवर माहेरचं आडनाव असतंच. वाघ हे आडनाव इंग्रजीत कधी डब्ल्यूने लिहिलं जातं, कधी व्हीने. एका माणसाचे असे चार लेखक होतात. उलटपक्षी, ‘एस. पाटील’ या एका नावाखाली किती जणांचं काम एकत्र पडलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यावर उपाय ऑर्किड हा आहे. २०१२ साली सुरू झालेली ही नोंदणी संशोधकाला फुकट मिळते. नोंदणी केल्यावर सोळा स्थानांचा एक क्रमांक मिळतो. शेवटच्या जागी कधीकधी आकड्याऐवजी इंग्रजी एक्स येतो, ती छापण्यातली चूक नव्हे. आधीच्या अंकांवर ठरावीक गणित करून शेवटचं स्थान ठरवलेलं असतं, त्यामुळे क्रमांक लिहिताना चूक झाली तर पकडता येते. खातं उघडल्यावर ‘या नावांनीही ओळख’ अशा अर्थाचा एक रकाना दिसतो. माहेरचं नाव, आद्याक्षरांचं नाव, उलटा क्रम हे सगळं तिथे भरावं. निबंध पाठवतानाच ऑर्किड क्रमांक दिला, तर पुष्कळ प्रकाशक तो क्रॉसरेफच्या नोंदीत घालतात. आपण एकदा परवानगी दिली की तिथून नवा निबंध ऑर्किडच्या पानावर आपोआप चढतो. जुने निबंध मात्र स्वतः बसून जोडावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण एका दुपारचं. स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत एकाच माणसाच्या दोन-तीन नोंदी झाल्या असतील, तर त्या एकत्र करायची विनंतीही पैसे न मोजता करता येते.

यापुढे शीर्षक आणि सारांश. स्कोपसमध्ये नेहमीचा शोध शीर्षक, सारांश आणि बीजशब्द यांतच घेतला जातो, पूर्ण मजकुरात नाही. गूगल स्कॉलर पूर्ण मजकूर वाचतं, पण तो त्याच्या हाती लागला तरच. तेव्हा निबंधाच्या अकराव्या पानावर ‘मिरज तालुका’ लिहिलेलं असलं आणि सारांशात ते नसलं, तर सूचीच्या लेखी मिरज त्या निबंधात नाहीच. आपल्याकडची शीर्षकं ‘एक चिकित्सक अभ्यास’, ‘विशेष संदर्भासह’ अशा शेपटांनी लांबलेली असतात. ती शेपटं कुणीही शोधत नाही. आपल्या प्राध्यापिकाबाईंच्या शीर्षकात क्षारता, पाणथळपणा, ऊस, कृष्णा खोरं, महाराष्ट्र हे शब्द इंग्रजीत असायला हवेत, कारण शोधणारा तेच टंकणार. बीजशब्दांत शीर्षकातलेच शब्द पुन्हा लिहिण्यापेक्षा पर्यायी संज्ञा द्याव्यात. मातीच्या एकाच दुखण्याला शेतीशास्त्रात एक नाव असतं, भूजलशास्त्रात दुसरं. आता छापून झालेलं शीर्षक बदलता येत नाही. हा परिच्छेद पुढच्या निबंधासाठी.

मराठीत लिहिणाऱ्यांचा प्रश्न याहून मुळातला आहे. आपली अनेक नियतकालिकं आणि परिसंवादांची पुस्तकं अजून जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये जुळवली जातात. श्रीलिपीचे जुने फॉन्ट यातले सर्वांत ओळखीचे. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये त्या जागी भलत्याच चिन्हाचा सांकेतांक बसलेला असतो. छपाईत काही बिघडत नाही. पीडीएफ वाचणाऱ्या यंत्राला मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तुकारामांवरचा चाळीस पानांचा निबंध महाजालावर असतो आणि ‘तुकाराम’ शोधल्यावर निघत नाही, त्याचं कारण हे. तपासायची रीत सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर फाइल युनिकोडमध्ये आहे, कचरा उमटला तर नाही. मजकूर बदलून देणारे परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार पुन्हा डोळ्यांखालून घालावेच लागतात. मूळ फाइल हरवली असेल, फक्त छापील अंक असेल, तर स्कॅन करून त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, चालवावं. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. माझं स्पष्ट मत असं की विद्यापीठांनी मराठी नियतकालिकांना अनुदान देताना युनिकोडची अट घालायला हवी. शीर्षक आणि सारांश इंग्रजीतही छापावा, हे त्याच्या जोडीने.

फाइलबद्दल आणखी थोडं. गूगल स्कॉलरच्या सूचना साध्या आहेत: एका पीडीएफमध्ये एकच निबंध, आकार ५ एमबीच्या आत, पहिल्या पानावर वरती सर्वांत मोठ्या अक्षरात शीर्षक आणि त्याखाली लेखकांची नावं. महाविद्यालयं अख्खा परिसंवाद-ग्रंथ तीनशे पानांच्या एकाच फाइलमध्ये चढवतात. त्यातल्या साठ निबंधांपैकी एकही धडपणे सापडत नाही.

आता प्रत खुली कशी ठेवायची ते. इथे बहुतेकांना भीती वाटते, आणि ती पूर्ण खोटी नाही. प्रकाशकाने सजवून छापलेली पीडीएफ त्याच्या हक्काची असते. ती रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर सरसकट टाकण्यावरूनच एल्सव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी २०१७ साली त्या संकेतस्थळाला जर्मनीतल्या न्यायालयात खेचलं होतं. पण परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून आपण पाठवलेली आणि संपादकांनी स्वीकारलेली वर्डमधली प्रत वेगळी. ही स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारात ठेवायला अनेक मोठे प्रकाशक परवानगी देतात, बहुधा काही महिने थांबायच्या अटीवर. कोणत्या नियतकालिकाची अट काय, हे ओपन पॉलिसी फाइंडरवर नाव टाकून पाहता येतं. पूर्वी शेर्पा रोमिओ होतं, तेच हे. म्हणून ती वर्ड फाइल जपून ठेवा. वर्षभराने मागितली तर दहापैकी आठ जणांकडे सापडत नाही, हा माझा अंदाज. ग्रंथपाल मंडळी याला दुजोरा देतील.

ठेवायची जागा आधी आपल्या संस्थेतच बघावी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं भांडार २००२ पासून आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं आहे. साध्या महाविद्यालयात असं काही नसतं. तिथे झेनोडो चालतं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने २०१३ मध्ये सुरू केलेलं हे भांडार कुणालाही फुकट वापरता येतं, आणि ज्या निबंधाला डीओआय नाही त्याला तो देतंही. प्रकाशकाचा डीओआय असेल, तर नवा न घेता तोच तिथे नोंदवावा. निबंधामागची आकडेवारीही वेगळी ठेवता येते. विहिरींच्या पाण्याचा तक्ता निबंधापेक्षा जास्त लोकांच्या कामी येईल, हे अशक्य नाही. पीएचडीचा प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या शोधगंगा भांडारात बहुधा असतो. तिथे आपल्या नावाचं स्पेलिंग काय पडलंय, ते एकदा बघून यावं. त्याच संस्थेच्या विद्वान या सूचीत माहिती भरायला महाविद्यालयं सांगतात. भरून टाकावी.

एवढं झालं की गूगल स्कॉलरवर स्वतःचं पान उघडावं. मात्र नवे निबंध आपोआप जोडण्याचा पर्याय बंद ठेवून, आधी विचारणारा पर्याय निवडावा. नाहीतर कुण्या दुसऱ्या पाटलांचं हृदयरोगावरचं संशोधन भूगोलाच्या बाईंच्या नावाखाली येऊन बसतं. सायटेशन वाढल्याचा आनंद होतो, आणि निवड समितीपुढे खुलासा करताना तो उतरतो. नोंद दुरुस्त केली तरी स्कॉलरमध्ये ती दिसायला सहा-नऊ महिने, कधी वर्षही लागतं.

याच सुमाराला ईमेल येऊ लागतात: पैसे भरा, सायटेशन वाढवून देतो, इम्पॅक्ट फॅक्टर मिळवून देतो. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते आणि तो नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नव्हे. बाकी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ अशी विशेषणं लावलेले फॅक्टर विकणाऱ्यांनी स्वतःच बनवलेले असतात. वर सांगितलेल्या कामांत कुठेही पैसे लागत नाहीत, लागला तर ग्रंथपालांचा वेळ. तो मागायला प्राध्यापक का लाजतात, कळत नाही.

राहता राहिले यंत्रांच्या वाटेने न येणारे वाचक. क्षारपड जमिनीवरच्या निबंधाचं खरं गिऱ्हाईक शिरोळ किंवा वाळवा तालुक्यातला शेतकरी आहे, तो स्कोपस उघडणार नाही. त्याच्यासाठी हजार शब्दांचा मराठी लेख वेगळा लिहावा लागतो. कृषी विभागाचं ‘शेतकरी’ मासिक आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, जिल्ह्याची दैनिकं आहेत. या लेखाच्या तळाशी डीओआयची एक ओळ द्यायला सांगावी. बातम्यांमधले उल्लेख मोजणारी यंत्रं मुख्यतः त्या आकड्यावरून किंवा दुव्यावरूनच निबंध ओळखतात. शिवाय तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला मूळ आकडे पाहायचे असतील, तर त्याची सोय होते. संपादक जागा नाही म्हणतील. एका ओळीची जागा शेवटी निघते.