स्कोप घेताना झूमआधी चाक बघा

मंडळी, फील्ड टार्गेटमध्ये स्कोप नुसतं मोठं दाखवत नाही, अंतरही मोजतो. ब्रिटनमध्ये टार्गेट 8 ते 55 यार्डांत कुठेही असतं आणि लेझर रेंजफाइंडर चालत नाही. अंतराचा अंदाज चुकला की छर्रा 40 मिलीमीटरच्या भोकाच्या खाली किंवा वर!

म्हणून बाजूचं फोकसचं चाक फिरवायचं, चित्र लख्ख दिसलं की आकडा वाचायचा. झूम जास्त असेल तर फोकस काटेकोर लागतो. घेण्याआधी बघा: 50 आणि 55 यार्ड चाकावर वेगळे कळतात का? नाही कळले, तर महागडा स्कोपही सोडा.

मी छापील आकडे मानत नाही; टेपने मोजून स्वतःच्या खुणा करतो. ऊन-थंडीत त्या सरकतात, तेही तपासा.

एचएफटी खेळणार? तिथे फेरी सुरू झाल्यावर झूम-फोकसला हात लावता येत नाही. मग मोठ्या चाकावर पैसे कशाला घालवायचे?