खवट तेल आणि अम्लाची पकड



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांनी आम्हांला प्रत्येक पदार्थाला 'का?' असे विचारावयास शिकविले. रसायनशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य घालवून आज मी एका घरगुती प्रश्नाकडेच वळतो. आपल्या सुरतेत घरोघरी वापरले जाणारे कपाशियाचे तेल डब्यात बरेच दिवस टिकते. तेच पाण्यात घुसळून पायस केले की लवकर खवट का होते?

तेलातील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजन घेतात आणि हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात. त्यांना स्वतःचा वास नसतो. परंतु लोह अथवा तांबे यांच्या आयनांशी गाठ पडताच ती फुटतात, मुक्त मूलके जन्मतात आणि एका रेणूची आग शेजारच्याला लागते. खवट वास येतो तो या मोडतोडीतून. धातू मात्र खर्ची पडत नाही. रूप पालटून तो पुन्हा मूळ पदावर येतो. म्हणूनच दहा लाखांत एखादा भाग धातूही पुरतो.

पायसात हे संकट वाढते. एक लिटर तेलाचे एक मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर त्यांचा पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर भरतो. हायड्रोपेरॉक्साइडे याच सीमेवर गोळा होतात आणि पाण्यातला धातू त्यांना तेथेच भेटतो.

यावर एक उपाय म्हणजे धातूला बांधून ठेवणे. शेले या शास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून स्फटिकरूपात मिळविलेले सायट्रिक अम्ल, म्हणजेच आपल्या गांध्याकडील 'लिंबूना फूल', हे काम करते. त्याचा रेणू धातूला अनेक बाजूंनी धरतो. अशा बंधाला 'चिलेट' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. तेलशुद्धीच्या कारखान्यांत शंभर किलो तेलास पाच-दहा ग्रॅम अम्ल पुरते.

एवढ्या ज्ञानावर मी एका परिचित आचाऱ्यांना अधिकारवाणीने सांगितले, "लिंबूचे फूल घाला, टिकेल." त्यांनी लग्नासाठी अंड्याविना मेयोनीज केले, तेही कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात. दुसऱ्या दिवशी सारे फेकावे लागले. अम्लाने उघड्या पितळेतून तांबेच ओढून घेतले होते. शिवाय आंबट द्रावणात नांगीच्या टोकांवर हायड्रोजन ठाण मांडून बसतो आणि सायट्रिक अम्लाची पकड सैल पडते. अंड्याच्या बलकातील फॉस्व्हिटिन प्रथिनही आंबटपणात आपल्याजवळचे लोह असेच सोडून देते. ईडीटीए हे सहा टोकांनी धरणारे संयुग मात्र तेथेही पकड राखते; म्हणून अमेरिकेत मेयोनीजमध्ये ते दहा लाखांत ७५ भागांपर्यंत वापरण्याची मुभा आहे.

नुकसान त्यांचे झाले, चूक माझी होती. आधी भांडे, मग अम्ल, हा क्रम मी सांगितलाच नव्हता. आपल्या आज्या कल्हईवाल्याची हाक ऐकताच पातेली बाहेर काढीत; त्यांना आयन ठाऊक नव्हते, पण क्रम ठाऊक होता. अर्धे शास्त्र सांगणाऱ्याने निदान एवढे विचारावे, "पदार्थ ठेवणार कशात?" गुरुजींनी तो प्रश्न नक्की विचारला असता.