अर्जावरची तारीख

आमच्या गडबकडच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात दोन भीती असतात. एक पाऊस दडी मारण्याची आणि दुसरी उधाणाची. बाहेरकाठ्याला खांड गेली की खाडीचं खारं पाणी भातात शिरतं, लावणी कुजते आणि जमीन पुढची काही वर्षं नीट पिकत नाही. मग सुरू होतात अर्ज आणि स्मरणपत्रं. माझ्या घरी संगणक असल्यामुळे हे लिखाण बरेचदा माझ्याकडे येतं.

एका वर्षी आषाढी अमावास्येच्या उधाणानंतर शेजारच्या काकांचा अर्ज मी टाइप करून दिला. तो त्यांनी कार्यालयात नेऊन दिला, पोचेचा शिक्का घेतला. पुढच्या पावसाळ्यात चौकशीला गेले तर उत्तर मिळालं, ‘असा अर्ज आमच्याकडे नाही.’ पोचेची प्रत घरात वाळवी लागून गेलेली. मी म्हटलं, काळजी कशाला, फाइल आहे की! फाइल उघडली, छापली आणि काकांच्या हातात दिली. काका चष्मा लावून वाचू लागले आणि म्हणाले, “म्हणजे अर्ज आपण आज देतोय होय रे?”

वर उजव्या कोपऱ्यात त्याच दिवसाची तारीख होती.

चूक माझीच होती. वर्डमध्ये ‘इन्सर्ट’मधून ‘डेट अँड टाइम’ निवडलं की खाली एक छोटी चौकट दिसते, ‘अपडेट ऑटोमॅटिकली’. तिथे बरोबरची खूण असेल तर कागदावर तारीख उमटत नाही. उमटते ती संगणकाला दिलेली आज्ञा, की ‘इथे आजची तारीख दाखव’. अशा आज्ञेला फील्ड म्हणतात. ‘ऑल्ट’ आणि ‘एफ-नाइन’ एकदम दाबून पाहा, तारखेच्या जागी महिरपी कंसात ‘डेट’ हा शब्द दिसेल. तुम्ही फाइल वर्षाने उघडा नाहीतर दहा वर्षांनी, तो बिचारा त्या दिवसाची तारीख सांगणार. खोटं तो बोलत नाही, आपण त्याला प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

पानांच्या आकड्यांसाठी ही सोय उत्तम. मध्ये एक पान वाढलं तर पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. पण अर्ज, नोटीस, ठराव, पावती यांची तारीख सरकता कामा नये. तिथे ‘क्रिएट डेट’ हे दुसरं फील्ड वापरावं. ते फाइल त्या नावाने प्रथम तयार झाल्याची तारीख धरून ठेवतं. ‘सेव्ह डेट’च्या नादी मात्र लागू नये, एक स्वल्पविराम सुधारून फाइल साठवली तरी ती बदलते. आणि टाकलेली ‘डेट’ गोठवायचीच असेल तर ती निवडून ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एफ-नाइन’ एकत्र दाबावं. आज्ञा पुसली जाते आणि साधी अक्षरं उरतात. पण हे अर्ज देतानाच करायचं, वर्षाने नाही!

ऑनलाइन सातबारा पाहिलात तर हा फरक लगेच कळेल. त्यावर ‘अहवाल दिनांक’ असतो, तो उतारा काढल्याचा. शेवटच्या फेरफाराचा दिनांक वेगळा. पहिला दर वेळी बदलणार, दुसरा नवा फेरफार होईपर्यंत हलणार नाही. शासन निर्णयाच्या शेवटी जो लांबलचक संकेतांक असतो त्याचे पहिले आठ आकडेही वर्ष, महिना, दिवस असेच असतात, आणि ते कायमचे.

काकांच्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये मी पाहिलं. फाइल कधी तयार झाली, शेवटची कधी साठवली, कधी छापली, सगळं तिथे होतं. लेखक म्हणून नाव मात्र माझं, कारण संगणक माझ्या नावाने चालतो. (बाजारातल्या दुकानात टाइप केलेल्या अर्जाचा ‘लेखक’ बहुधा दुकानदार असतो!) थोडा धीर आला, पण पुरावा म्हणून यावर फार विसंबता येत नाही. संगणकाचं घड्याळ मागे फिरवलं की या तारखाही मागे जातात.

शेवटी आधार निघाला तो कागदाचाच. माहिती अधिकाराच्या 2005च्या कायद्यात नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी करता येते, पहिला तास फुकट. काकांनी अर्ज केला, आम्ही दोघे गेलो आणि आवक नोंदवहीची पानं उलटत बसलो. त्या श्रावणातल्या एका पानावर, निळ्या शाईत, काकांचं नाव, विषय आणि आवक क्रमांक सापडला. तो क्रमांक घालून नवं स्मरणपत्र दिलं, तेव्हा अर्ज ‘सापडला’. भरपाईचं घोंगडं त्यानंतरही बरेच दिवस भिजत पडलं, पण ‘अर्जच नाही’ असं पुन्हा कोणी म्हणालं नाही.

काकांचे अर्ज मी अजून टाइप करतो. तारखेची जागा ते कोरी ठेवायला लावतात. कार्यालयाच्या पायरीवर बसून, खिशातलं पेन काढून, ती ते स्वतः घालतात.