आधी लाज विकतात, मग क्रीम



गेल्या महिन्यात उंब्रजला आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी दोन हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारल्यावर मान खाली घालून म्हणाल्या, "पोरीला बघायला येणार हायत. रंग जरा उजळावा म्हणून क्रीम आणायचीय." कुणी हसलं नाही. आम्हीही कधीतरी हेच केलेलं आहे.

हा दबाव येतो कुठून? 'फेअर अँड लव्हली' ही क्रीम 1975 साली बाजारात आली. अशा क्रीमच्या जाहिरातींतली गोष्ट वर्षानुवर्षं एकच. मुलगी सावळी, म्हणून नोकरी नाही, स्थळ नाही. क्रीम लावली की नशीब उघडलं. म्हणजे आधी आपल्याला आपल्याच तोंडाची लाज विकायची आणि मग त्यावरचा उपाय. सावळी माणसं दुःखी किंवा मागे पडलेली दाखवू नयेत, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2014 साली केला. 2020 साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. शब्द बदलले, पण आपल्या मनातली लाज काही गेली नाही.

खरं तर कातडीचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो आणि तेच आपल्याला उन्हापासून जपतं. उन्हात भांगलणाऱ्या बाईला त्याची गरज जास्तच.

नुकसान फक्त पैशाचं नाही. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची बातमी 2023 साली आली. पार्लरमधून घेतलेली क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासली, तेव्हा तिच्यात पारा निघाला. काही मलमांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ उठतं. म्हणून 2018 साली सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

तेव्हा एवढं करा. डबीवर कंपनीचा पत्ता, घटक आणि परवाना क्रमांक नसेल तर ती घेऊ नका. मैत्रिणीला लागू पडलं म्हणून तिचं मलम तोंडाला लावू नका. जाहिरातीनं फसवलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा.

त्या ताईंना आम्ही कर्ज नाकारलं नाही. "आधी पोरीला विचारून या," एवढंच म्हणालो. पुढच्या बैठकीला पोरगी स्वतःच आली. म्हणाली, "पैसे द्यायचेच तर टायपिंगच्या फीला द्या." दिले. पाहुणे येऊन गेलेत, निरोप अजून आलेला नाही.

पण आम्ही गटात एक ठराव केलाय. "रंगानं सावळी, पण नाकीडोळी नीटस" असं आपण सहज बोलून जातो. त्यातला तो 'पण' यापुढे आमच्या तोंडून येणार नाही. तुमच्याही गटात हा ठराव करून बघा.